काचेतलं आंबट पाणी

द्वारका चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, सोमनाथचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्याचे वडील कारभारी तिथे राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. चांदवड तालुक्यातली द्राक्षबाग त्यांनी पुतण्याच्या हवाली केली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि "एकटे तिकडं काय करणार नाना, इथंच राहा," असं सून म्हणाली म्हणून ते राहिले. सून मनाने चांगली होती. पण चांगल्या माणसांच्या घरातही रिकामं बसून माणूस थकतं, हे त्यांना इथे आल्यावर कळलं. बागेत दिवसभर उभं राहून जेवढे पाय दुखत नसत, तेवढे आता सोफ्यावर बसून दुखत.

तसं त्या घरात न थकलेलं कोणीच नव्हतं. सोमनाथ अंबडच्या कंपनीत पहाटेची पाळी करून चारला यायचा आणि बूट काढता काढताच पेंगायचा. त्याची बायको उज्वला दवाखान्यात नर्स होती. तिच्या पायांना सूज आणि बोलण्याला धार ही एकाच वेळी यायची. त्यांची चौथीतली मुलगी निकितासुद्धा शाळा आणि क्लास करून साडेपाचला घरात शिरताना एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखा उसासा टाकायची. मग दप्तर खाली पडायचं आणि ती टाकीसमोर जाऊन बसायची.

टाकी म्हणजे माशांची टाकी. साठ लिटरची, टीव्हीच्या शेजारी. गेल्या वाढदिवसाला घेतलेली. तीत तीन गोल्डफिश होते: भोपळा, शेंदरी आणि टिकली. चार काळ्या मॉली होत्या, त्या एकमेकींपासून ओळखू येत नसल्यामुळे चौघींचं मिळून एकच नाव, कोळसे. टाकीत पाणी आरओचं. तो उज्वलाचा हुकूम होता. "नळाचं पाणी कधी गढूळ, कधी औषधाच्या वासाचं. आपण पितो तेच माशांना. एकदम शुद्ध." दर रविवारी थोडं पाणी उपसायचं आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून भरलेल्या बाटल्या टाकीत ओतायच्या, हे काम निकिता आणि तिचे नाना मिळून करत. कारभाऱ्यांच्या आठवड्यात तेवढा एक वार दुसऱ्यांपेक्षा वेगळा होता.

महिन्याभरापूर्वी त्यांच्या ट्रंकेत पीएच कागदाची जुनी वही सापडली. बोटाएवढ्या पिवळसर पट्ट्या आणि कव्हरवर रंगांची शिडी. तांबडा म्हणजे आंबट, हिरवा म्हणजे सात, ना आंबट ना तुरट, निळ्याकडे गेला की खारं. निकिताला त्यांनी ताटल्या मांडून बसवलं. लिंबू, ताक, साबणाचं पाणी, खायचा सोडा. आधी अंदाज सांगायचा, मग पट्टी बुडवायची, मग तिच्या शाळेच्या वहीत लिहायचं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी खरा आकडा लिहायचा.

"पण नाना, तुम्ही हे कशाला वापरायचे?"

"फवारणीला. आपल्या विहिरीचं पाणी लय जड, आठच्या वर. त्या पाण्यात औषध फुकट जातं. मग आम्ही त्याला आंबट करायचो, साडेपाच-सहावर आणायचो. आणि बोर्डो, म्हणजे बुरशीचं औषध, करताना उलटं. मोरचूद आंबट, त्याला चुन्याची नितळी टाकत जायची. झालं का नाही ते बघायला लोखंडी विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस पुट चढलं, की चुना कमी पडला."

"कागद नव्हता?"

"कागद मागून आला. विळा आधीपासून होता."

निकिताने हे वर्गात सांगितलं. बाईंनी म्हणे तिला फळ्यापाशी बोलावलं. त्या दिवसापासून घरात कोणत्याही प्रश्नावर तिचं एकच उत्तर असायचं, "थांब, नानांना विचारते. नानांना सगळं कळतं." उज्वला हसून म्हणायची, "हो बाई, आम्ही आपले अडाणी." कारभारी वर बघायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांना एक पोळी जास्त जायची.

दिवाळीनंतर कोळसे बिघडले. पुढे पोहायचं सोडून जागच्या जागी थरथरायला लागले, थंडी वाजल्यासारखे. भोपळा पंख मिटून कोपऱ्यात बसायचा. उज्वलाने निकालच दिला. "खाणं जास्त होतंय. निकिता, चिमूटभर म्हणजे किती ते तुला कळत नाही. मेले ना मासे, तर टाकी त्याच दिवशी गॅलरीत. मला नाही आता आणखी कोणाचं आजारपण करायचं."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. घर रिकामं झालं. साडेअकराला पुतण्याचा, बहिरूचा, फोन आला.

"नाना, घडांवर जीएची फवारणी हाये. पाणी आठला अडकलंय. आंबट करायला सायट्रिक किती घेऊ?"

कारभाऱ्यांनी फवारणीच्या टाकीचं माप विचारलं, अंदाज सांगितला, वर बजावलं, "ढवळ नीट. ढवळून मग कागद लाव." फोन ठेवताना बहिरू म्हणाला, "तुमच्याबिगर हे नाय जमत बघा." एवढ्याने त्यांना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी अंगात काहीतरी आल्यासारखं झालं. ते उठले, वहीतली एक पट्टी फाडली आणि माशांच्या टाकीत बुडवली.

पट्टी नारिंगी झाली. पाच.

"आयला," ते माशांना म्हणाले, "तुमचं पाणी तर फवारणीला फस्क्लास हाये. बहिरूला देऊ का?"

मग त्यांच्या लक्षात आलं, की बिचारे कोळसे का थरथरतात. खाण्याचा दोषच नाही. पाणी आंबलंय. आणि आंबलेलं पाणी सरळ करणं हे तर त्यांचं चाळीस वर्षांचं काम. संध्याकाळी निकिता येईल, तिला पट्टी बुडवायला सांगायची, पट्टी हिरवी होईल, तिचं तोंड बघायचं. उज्वलालाही कळेल, की पोरीचं काही चुकत नव्हतं.

तंबाखूची चंची उशीखाली होती. तिच्यातली चुन्याची डबी त्यांनी तांब्यात पालथी केली, पाणी घालून ढवळलं आणि तांब्या ओट्यावर ठेवला. गाळ खाली बसला, वर नितळ पाणी राहिलं. अर्धं टाकीत ओतलं. कागद लावला. फरक नाही म्हणावा इतका. उरलेलं ओतलं. पुन्हा थोडा चुना, पुन्हा पाणी. उभं राहून गुडघा ठणकायला लागला होता, त्यांना बसायचं होतं. बहिरूला "ढवळून मग कागद लाव" असं सांगून अजून तास झाला नव्हता. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी काठीने पाणी हलवलं आणि पट्टी बुडवली. पट्टी हिरवी होऊन पुढे निळसर गेली. आठ.

जरा जास्त झालं, त्यांना वाटलं. पण पाचाच्या मानाने आठ बरं. विहिरीचं पाणी आठच होतं, त्यात काय बेडूक मरत होते?

ते सोफ्यावर आडवे झाले. डोळा लागला.

दोनला जाग आली तेव्हा भोपळा पाण्याच्या वर तोंड काढून भसाभसा श्वास घेत होता. त्याच्या कल्ल्यांच्या कडा लालबुंद झाल्या होत्या. शेंदरी आडवी झाली होती. कारभाऱ्यांनी हवेचा पंप वाढवला, टाकीपाशी स्टूल ओढून बसले आणि नुसते बघत राहिले. काय करायचं ते सुचत नव्हतं. पुन्हा आंबट करावं? लिंबू पिळावं? हात लिंबापर्यंत गेला आणि परत आला. आपल्या हातावरचा विश्वासच उडाला होता. सव्वातीनला भोपळा उलटा झाला. पाठोपाठ शेंदरी. मग एक कोळसा.

सोमनाथ चारला आला. बूट काढता काढता त्याने टाकीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"मी केलं," कारभारी म्हणाले. सगळं सांगितलं.

सोमनाथ भिंतीला टेकून बसला. रागवायलाही त्याच्यात जोर नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "नाना, अजून दीड तास हाये. समाधानच्या दुकानातनं सेम टू सेम आणू. दोन गोल्डफिश, एक मॉली. तिला कळायचं बी नाय. कशाला उगाच रडारड? उज्वला आली की टाकीचाच बखेडा काढील."

कारभारी एरवी याला हो म्हणाले नसते. पण त्या वेळी त्यांना वाटलं, की हे सगळं मिटावं, कोणी काही विचारू नये आणि आपण पडावं. ते चपला घालून निघाले. जाताना सोमनाथने मेलेले मासे वाटीत काढून मोरीत झाकून ठेवले.

समाधानचं माशांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं आणि ते उघडेपर्यंत साडेपाच होत आले. भिंतभर काचा आणि त्यांच्या मध्ये स्टुलावर बसलेला पन्नाशीचा जाडजूड माणूस. त्याने सोमनाथचं ऐकून जाळी उचलली होती, पण मध्येच थांबला.

"मेले कशाने?"

कारभाऱ्यांनी सांगितलं. आरओ, पाच, चुना, आठ.

समाधानने जाळी खाली ठेवली. "मग नाही देत."

"पैसे देतोय ना," सोमनाथ म्हणाला.

"साहेब, पैसे घेईन हो, माझं काय जातंय? पण हेही सकाळपर्यंत जातील, मग तुम्ही मलाच शिव्या घालाल." तो कारभाऱ्यांकडे वळला. "बाबा, तुम्ही शेतकरी ना? मग तुम्हाला पटकन कळेल. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात. माशांची घाण पडत राहते, तिला आवरायला पाण्यात काही नाही, म्हणून पाणी आंबत जातं. आता गंमत अशी, की आंबट पाण्यात ती घाण निजलेली असते. त्रास देते, पण लगेच मारत नाही. तुम्ही एका दुपारी पाचाचं आठ केलंत. निजलेलं सगळं जागं झालं. विष झालं त्याचं. चुन्यानं नाही मेले ते, घाईनं मेले."

"फवारणीच्या टाकीत करतोच की आम्ही एका दमात," कारभारी म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली गेला.

"फवारणीच्या टाकीत कोणी राहत नाही, बाबा."

त्याने क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली दिली. नळाचं पाणी, औषधाचे थेंब, आज तिसरा हिस्सा बदला, मग रोज एक बादली, हळूहळू, कडेने. दोन दिवस खाणं बंद. फिल्टरपाशी शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवा, ती सावकाश विरघळते, पाणी पुन्हा आंबू देत नाही. आरओचं नाव काढू नका. "राहिलेले जगतील का ते मात्र विचारू नका," तो म्हणाला.

ते मासे न घेता, नुसती बाटली घेऊन परत आले. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर कारभारी कठड्याला धरून थांबले. सोमनाथ दोन पायऱ्या वर उभा होता.

"नाना, काही बोलू नका. मरतात मासे. आपोआप मेले म्हणू."

कारभारी धापा टाकत होते. बोलायला दम नव्हता, आणि खरं म्हणजे ती सोय त्यांना नकोशीही वाटली नव्हती.

निकिता त्यांच्या आधी घरी पोचली होती. उज्वलाही. मोरीतली वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली होती आणि निकिता तिच्यासमोर उभी होती. रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"मी केलं," ती म्हणाली.

कारभारी दारातच थबकले.

"परवा मी खायला घालायला विसरले. म्हणून काल दोन दिवसांचं एकदम घातलं. मला वाटलं, त्यांना भूक लागली असेल." ती आईकडे वळली. "मम्मी, टाकी दे कोणालाही. मला नको. मला येत नाही."

"सांगत होते ना मी तुला," उज्वला म्हणाली, पण तिचा आवाजही नेहमीसारखा चढला नाही. ती गणवेशातच खुर्चीवर बसली आणि पायातले सॉक्स खाली ओढले. "जाऊ दे. ठेवू गॅलरीत. होतं असं."

सोमनाथने वडिलांकडे पाहून हळूच मान हलवली. नको. झालं ते झालं. पोर दोन दिवसांत विसरेल.

ती विसरली असतीही. मासे विसरली असती. पण "मला येत नाही" हे काही विसरलं नसतं, एवढं कारभाऱ्यांना कळत होतं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी खरा आकडा लिहायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आता तिच्या वहीत त्यांचा आकडा तिच्या अक्षरात लिहिला जात होता. आणि खरं सांगितलं, की उद्यापासून घरात "नानांना सगळं कळतं" असं म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. या घरात त्यांचं दुसरं काय होतं? एक पलंग, एक ट्रंक आणि ते एक वाक्य.

ते खाली बसले. गुडघा दुमडत नव्हता, तरी फरशीवर बसले, म्हणजे तिचं तोंड आणि त्यांचं तोंड एका उंचीवर आलं.

"निकी, तुझ्या खाण्यानं नाय मेले. मी मारले."

"नाना..." सोमनाथ म्हणाला.

"तू गप." त्यांनी पाण्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं. तंबाखूच्या डबीचंही सांगितलं, तेव्हा उज्वलाने डोळे मोठे केले. "पहिल्या खेपेला मी ढवळलंच नाय. फरक दिसंना म्हणून आणखी ओतलं. पाय दुखत होता. मला बसायची घाई होती. आन् तुला संध्याकाळी हिरवी पट्टी दाखवायची होती. मग परत तुझ्या बापाबरोबर दुकानात गेलो, तसलेच मासे आणून तुला फसवायला. दुकानवाल्यानं दिले नाय, म्हणून सांगतोय, असं समज पाह्यजे तर."

निकिता वाटीपासून बाजूला झाली.

"तुम्ही मला म्हणता घाई करायची नाही."

"म्हणतो."

"लिंबाच्या वेळी मी पटकन बुडवली तर ओरडला होतात."

"ओरडलो होतो."

"मग?"

निकिता आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी ती गणितं घेऊन त्यांच्याकडे आली नाही. उज्वलाने वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "आरओचं पाणी मीच घालायला लावलं," ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "शुद्ध, शुद्ध करून." मग उठून कुकर लावला.

पहिली बादली सोमनाथने भरली. झोप सोडून भरली. कारभाऱ्यांनी थेंब मोजले.

सकाळी टाकीला चिकटपट्टीने कागद लावलेला होता. मोठ्या अक्षरांत: नानांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. कारभारी ते वाचून लांबूनच पाणी बघत राहिले. टिकली तळाशी पडून होती, पण कल्ले हलत होते. उरलेले तीन कोळसे पंपाच्या बुडबुड्यांपाशी गोळा झाले होते.

संध्याकाळी निकिता आली आणि दप्तर टाकून त्यांच्यासमोर उभी राहिली. "बादली मला उचलत नाही," ती म्हणाली.

मग रोजचं तसंच सुरू झालं. ते मोरीतून अर्धी अर्धी बादली आणायचे, मध्ये एकदा भिंतीला टेकायचे. ती मगाने काचेच्या कडेने ओतायची, मग हाताने पाणी हलवायची, मग शंभर आकडे मोजायची, मग पुढचं पाणी. मोजताना मध्ये बोलायचं नाही, असा नियम तिने केला होता. पहिल्या दिवशी शंभराला कारभाऱ्यांचा जीव जात होता. एवढा वेळ उभं राहणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी स्टूल आणलं. चौथ्या दिवशी त्यांना जाणवलं, की पहिल्यांदाच ते कशाचीही वाट न बघता बसलेत. थकवा होताच. तो नुसता अंगाला लागून होता, जुन्या सदऱ्यासारखा.

पाचव्या दिवशी आणखी एक कोळसा तरंगताना सापडला. निकिताने तो स्वतः जाळीने काढला आणि वाटीत ठेवला. मग तिने बोटं पुढे धरली.

"मी ठरवलंय. चार मेले. एक मम्मीच्या आरओचा. एक माझ्या जास्तीच्या खाण्याचा. एक तुमचा."

"नाय, सगळे माझेच."

"थांबा ना. मी सांगतेय." तिने चौथं बोट त्यांच्यासमोर हलवलं. "हा पण तुमचा. म्हणजे तुमचे दोन. जास्त तुमचे."

कारभाऱ्यांनी हिशोब मनात फिरवून पाहिला. सोमनाथचा वाटा राहिला होता, पण तो पलंगावर बुटांसकट झोपला होता. त्याला कशाला उठवायचं.

"बरोबर हाये," ते म्हणाले.

"मग चला. आणा पाणी."

ते स्टुलाला धरून उठले. टिकली आज तळाशी नव्हती, मधल्या उंचीवर एका बाजूला कलून पोहत होती. सरळ होईल की नाही, ते कोणालाच सांगता आलं नसतं, आणि निकितानेही विचारलं नाही. त्यांनी बादली घेतली आणि मोरीकडे गेले. मागून तिचा आवाज आला.

"अर्धीच भरा, नाना. काल पाऊण भरली होती तुम्ही."